राखून ठेवलेली काच

मित्रांनो, मला कुणी जुना म्हटलं तर राग येत नाही. निकामी म्हटलं तर मात्र येतो. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. धौलाधारच्या पायथ्याशी, कांगडा खोऱ्यातल्या एका इस्पितळात, पॅथॉलॉजीच्या खोलीत खिडकीजवळ माझं टेबल आहे. डाव्या अंगाचा रंग उडाला आहे, एक स्क्रू मूळचा नाही आणि वीज गेली की मी आंधळा होतो. बाकी सगळं शाबूत आहे.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या एका छोट्या कारखान्यात एका म्हाताऱ्या सरदारजींनी माझे भाग जुळवले. फार खडूस माणूस. भिंगावर बोटाचा ठसा दिसला की आख्खा कारखाना डोक्यावर घ्यायचा. मी त्याच्याच तालमीत वाढलो, त्यामुळे अजूनही कुणी तेलकट बोट लावलं की माझा जीव कासावीस होतो.

माझ्यात दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे मला डोळे लावायच्या जागा दोन. दोन माणसं समोरासमोर बसून एकच काच एकाच वेळी बघू शकतात. दुसरी म्हणजे दोन काळपट चकत्या, एक काचेच्या खाली बसते, एक वर. वरची चकती हळूहळू फिरवली की सगळा उजेड विझत जातो आणि काचेवरच्या बहुतेक गोष्टी अंधारात बुडतात. काही थोड्याच गोष्टी अशा असतात, की त्या अंधारात आपल्या रंगाने उजळतात. सरदारजींनी त्या चकत्या बसवताना माझ्या पोटावर थाप मारली होती, आणि त्यांचं तेवढंच कौतुक मला आयुष्यभर पुरलं.

इस्पितळात आलो तेव्हा आमच्या विभागाचे पहिले मोठे डॉक्टर होते. त्यांनी एक शिस्त घालून दिली. गाठीची काच दोघांनी बघायची. बघताना कुणी बोलायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. दोघांनी आपापलं मत चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या उलट्या ठेवायच्या आणि मग एकदम उघडायच्या. मोठ्याने आधी तोंड उघडलं तर लहान माणूस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते फार पटलं होतं.

आमच्या खोऱ्यात गळ्यांना तोटा नाही. पूर्वी इथल्या मातीत आणि पाण्यात आयोडीन कमी, त्यामुळे घरटी एखादा तरी गळा फुगलेला असायचा. लोक त्याला गिल्हड म्हणतात आणि त्याची फारशी लाजही बाळगत नाहीत. आयोडीनचं मीठ आलं तरी जुने गळे राहिलेच. त्या गाठींत बारीक सुई घालून जे काही निघेल ते काचेवर पसरायचं, रोशनलालने ते रंगवायचं आणि मी ते मोठं करून दाखवायचं, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं. गिल्हडाच्या काचेवर गुलाबी गर दिसतो, पातळ, सायीसारखा पसरलेला. असा गर मी हजारो वेळा दाखवला असेल.

रोशनलाल आमचा तंत्रज्ञ. मूळ गाव पालमपूरच्या वरचं, अंगाने काटकुळा आणि बोलायला घसघशीत. त्याची एक सवय होती. कुणाच्याही गाठीच्या काचा रंगवताना एक काच तो कोरी, न रंगवता, डबीत राखून ठेवायचा. धाममध्ये, म्हणजे आमच्याकडच्या लग्नाकार्याच्या जेवणावळीत, पंगतीला वाढण्याआधी देवाचा वाटा बाजूला काढतात ना, तसा. नवे डॉक्टर हसायचे. तो म्हणायचा, रंगवलेली काच परत कोरी होत नाही, तेव्हा एक असू द्या.

आणि कटोच मॅडम. त्या आल्या तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या, आता निवृत्त झाल्या. माझ्यावर इतका वेळ दुसरं कुणीच बसलं नसेल. थंडीच्या दिवसांत शाल गुंडाळून, पायाशी शेगडी घेऊन त्या एकेक काच बघायच्या. गळ्याच्या कर्करोगाचे जे नेहमीचे प्रकार असतात ते त्यांना चहा पिता पिता ओळखू यायचे. ते प्रकार बहुतेक वेळा बरे होतात, म्हणून त्या रुग्णाला बोलावून आधी हसायच्या आणि मग सांगायच्या. बायका रडत आत यायच्या आणि डोळे पुसत, पण धीराने बाहेर जायच्या. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो, आणि पुढची हकिकत सांगूनही तो कमी होणार नाही.

मग आमच्याकडे यंत्र आलं. त्यात काच सरकवली की ती पडद्यावर दिसते, मोठी, स्वच्छ, रंगीत. खोटं कशाला बोलू, चांगलं यंत्र आहे. पण पडदा आला तसे सगळे आपापल्या खोलीत बसून बघू लागले. समोरासमोरच्या खुर्च्या गेल्या, चिठ्ठ्या गेल्या. मला लोखंडी कपाटात ठेवलं आणि दाराला कुलूप लागलं.

आमच्याकडचा पाऊस म्हणजे कपड्यांना, पुस्तकांना, सगळ्याला बुरशी. भिंगावर बुरशी चढली की ती जाळं विणते आणि सूक्ष्मदर्शक संपतो. मी संपलो नाही, कारण रोशनलालने कपाटात एक छोटा दिवा चालू ठेवला होता आणि ओल शोषणाऱ्या पुड्या तो दर महिन्याला बदलायचा. कुणी सांगितलं नव्हतं. पुड्या बदलताना तो माझ्याशी गप्पा मारायचा, लग्नं, बदल्या, कोणाच्या म्हशीला काय झालं ते सगळं. तो माझ्याशी बोलतो हे कुणाला सांगू नका, त्याला चिडवतील. मला तीन वर्षं जगाची खबर त्याच्यामुळे मिळाली, आणि पुढची निम्मी गोष्टही त्याच्याच तोंडची आहे.

पावसाळा संपत आलेला एक मंगळवार. मथरादेवी नावाची एक बाई रक्त द्यायला प्रयोगशाळेच्या खिडकीशी आली. वय बेचाळीस, गळ्याला लिंबाएवढी गाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिचं ऑपरेशन ठरलेलं होतं. सुईची तपासणी आधीच झाली होती, पडद्यावर कटोच मॅडमनी बघितली होती आणि गिल्हड म्हणून सही केली होती. गाठ मोठी झाली, गिळताना अडते, म्हणून काढायची, एवढंच.

रक्त देऊन ती बाकावर बसली आणि एकाएकी तिचा चेहरा पांढराफटक पडला. घामाने ओढणी भिजली, डोकं फुटेल असं दुखतंय म्हणाली, छाती धडधडायला लागली. रोशनलाल पाणी घेऊन धावला. दहा-पंधरा मिनिटांत ती पुन्हा हुशार झाली आणि ओशाळून हसली. असं अधूनमधून होतं म्हणे. वॉर्डात दोनदा रक्तदाब मोजला, तो अगदी नीट होता.

रोशनलाल तिच्याच बाजूच्या गावचा निघाला. मग काय विचारता. गप्पा सुरू झाल्या. जेवणाच्या सुट्टीत तो त्या गप्पा आत येऊन डॉक्टर पेमांना सांगत होता, तेव्हा मी कपाटात होतो आणि पत्र्यातून मला सगळं ऐकू येत होतं.

डॉक्टर पेमा वर्षभरापूर्वी आलेल्या. धर्मशाळेच्या वरच्या वस्तीतल्या, तिबेटी आईबापांची मुलगी. बोलायच्या कमी. डब्यातले मोमो रोशनलालला द्यायच्या आणि त्याच्या गप्पा ऐकून घ्यायच्या.

"काय बाई आहे," रोशनलाल हसत सांगत होता. आमच्याकडे ताईला बोबो म्हणतात. "म्हटलं, बोबो, घरात आणखी कुणाला गिल्हड आहे का? तर म्हणते, भाऊ, आमच्या माहेरी सपाट गळ्याची बाई दिसली की समजायचं ही सून."

पेमा हसल्या नाहीत. त्यांनी डबा खाली ठेवला.

"सुनांना नाही?"

"नाही म्हणे. एकीलाही नाही. आईला होतं, मावशीला आहे, भावाला होतं. तो भाऊ गेला बिचारा. आठ वर्षं झाली. हर्नियाचं साधं ऑपरेशन, लांब कुठल्याशा इस्पितळात. बेहोशीची सुई दिली आणि उठलाच नाही. घरचे म्हणतात, सुई सोसली नाही."

"रोशनभाऊ," पेमा म्हणाल्या, "पाणी एकाच बावडीचं, मीठ एकाच चुलीवरचं. मग गिल्हड फक्त लेकींना आणि लेकांनाच का?"

मित्रांनो, मी कपाटात होतो, तरी माझ्या अंगावर काटा आला असता, जर मला कातडी असती. कारण ही गंमत म्हणून त्या घरात किती वर्षं सांगितली जात असेल. आमच्या खोऱ्यात फुगलेला गळा म्हणजे गिल्हड, हे इतकं मुरलेलं आहे की रुग्णाला घरात कुणाला कर्करोग होता का असं विचारलं की तो नाही म्हणतो, आणि खरंच सांगतो. गिल्हडाबद्दल त्याला कुणी विचारतच नाही.

गळ्याच्या कर्करोगांत एक दुर्मिळ प्रकार आहे. तो रक्ताच्या नात्यातून उतरतो. आईला किंवा बापाला असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आणि तो मोठा सोंगाड्या. कधी साध्या गिल्हडाचं रूप घेतो, कधी दुसऱ्याच गाठीचं. काही घराण्यांत तो एकटा येत नाही. मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक इवलीशी ग्रंथी असते, तिथेही एक गाठ आणतो. ती गाठ मधूनच असा काही रस सोडते की रक्तदाब आकाशाला भिडतो, घाम फुटतो, काळीज धडधडतं. थोड्या वेळाने सगळं शांत. ही गाठ आहे हे ठाऊक नसताना बेहोशी देऊन ऑपरेशनला हात घातला, तर माणूस टेबलावरच जाऊ शकतो.

उद्या सकाळी नऊला मथरा त्या टेबलावर झोपणार होती.

पेमांनी पडद्यावर तिची काच पुन्हा काढली. गुलाबी गर होता. पण त्यांना तो सायीसारखा पसरलेला वाटेना, गोळ्यागोळ्यांचा वाटला. पेशींच्या आतला दाणा मीठ आणि मिरपूड एकत्र सांडल्यासारखा दिसला. तेवढ्यावर कुणाचं ऑपरेशन थांबवता येत नाही. त्या गुलाबी गोळ्यांसाठी एक खास लाल रंग असतो, तो चढवून अंधाराच्या चकत्यांतून बघावं लागतं. पडद्याच्या यंत्राला चकत्या नाहीत. आणि सगळ्या काचा तर रंगवून झालेल्या.

रोशनलाल उठला, डबी उघडली आणि राखून ठेवलेली कोरी काच टेबलावर ठेवली. मग किल्ली घेऊन माझ्याकडे आला.

तीन वर्षांनी खिडकीचा उजेड बघितला. रोशनलालने मला उचलून टेबलावर ठेवलं. भिंगं पुसली, दिवा लावला. भिंगावर बुरशीचा एक धागा नव्हता. मग तो लाल रंग बनवायला बसला. हा रंग शिळा चालत नाही, घाई केली तर सगळंच लाल होतं आणि काही कळत नाही. त्याच्या बायकोचा दोनदा फोन आला, त्याने उचलला नाही.

तीन वाजता काच माझ्यावर आली. पेमांनी बघितलं. चकती फिरवली. उजेड विझला, आणि त्या काळोखात गोळे उजळले, कोवळ्या सफरचंदाच्या सालीसारखे हिरवे. गिल्हडाचा गर असं कधी करत नाही.  पेमांनी चकती परत जागेवर आणली, रोशनलालकडून ऐकलेल्या जुन्या शिस्तीप्रमाणे एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, ती उलटी ठेवली आणि कटोच मॅडमना बोलवायला गेल्या.

मॅडम आल्या. मला टेबलावर बघून थबकल्या. समोरची खुर्ची, उलटी चिठ्ठी, सगळं त्यांनी एका नजरेत ओळखलं. कुणाची काच, हे पेमांनी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. शिस्त म्हणजे शिस्त. त्या बसल्या, डोळे लावले, आणि चकतीवर त्यांची बोटं आपोआप गेली. वय झालेली बोटं, पण त्यांना माझ्या चाकांचा प्रत्येक दात ठाऊक होता. हिरवं उजळलं. मॅडमनी चिठ्ठी लिहिली. दोन्ही उघडल्या. दोन्हींवर एकच नाव होतं, त्या दुर्मिळ कर्करोगाचं.

"कुणाची आहे?" आता त्यांनी विचारलं.

"मथरादेवी. उद्या नऊ वाजता," पेमा म्हणाल्या. आणि मग सुना, भाऊ, घाम, धडधड, सगळं भराभर सांगितलं.

 मथराच्या अहवालावर मॅडमचीच सही होती. मी पुष्कळ मोठी माणसं बघितली आहेत आणि अशा वेळी ती काय करतात तेही बघितलं आहे. कुणी पडद्याला दोष देतात, कुणी रंगाला, कुणी धाकट्यांना. मॅडमनी शाल सारखी केली आणि त्या उठल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "गर दिसला आणि मी विचार करायचं थांबवलं. पेमा, तू काच घेऊन माझ्याबरोबर चल. पठानियांना मी सांगते, तू नाही."

डॉक्टर पठानिया म्हणजे आमचे शल्यचिकित्सक. हात सोन्याचा, जीभ तिखट. तिथे काय घडलं ते रोशनलालने नंतर मला रंगवून सांगितलं. पठानिया आधी भडकले. यादी लागली आहे, बेहोशीचे डॉक्टर ठरले आहेत, हजार गळे कापले आहेत, आणि आता आदल्या दिवशी तुमच्या खिडकीवरच्या गप्पांवरून मी ऑपरेशन रद्द करू का, असं म्हणाले. मॅडमनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "गप्पांवरून नको करू. माझी सही चुकली यावरून कर. तिचा भाऊ टेबलावर गेला आहे, आपण बहीण पाठवायची नाही."

पठानियांनी पेन काढलं आणि यादीतलं नाव खोडलं. वर, तापटपणाबद्दल माफीही मागितली, असं रोशनलाल म्हणतो. तेवढं मला जरा जास्त वाटतं, पण असो.

पुढचे दिवस धावपळीचे गेले. दिवसभराची लघवी साठवून चंदीगडला पाठवली. रक्तातलं एक द्रव्य, जे त्या कर्करोगाच्या पेशी ओतत असतात, तेही मोजायला दिलं. पोटाचं छायाचित्र काढलं. उत्तर आलं. डाव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर सुपारीएवढी गाठ बसली होती. 

मग उपचार सुरू झाले, आणि ते क्रमाने करायचे असतात. आधी रक्तदाबाला वेसण घालणारी औषधं, चांगले दोन-तीन आठवडे, भरपूर पाणी आणि जेवणात मीठ. मग पोटातली गाठ. मथरा वॉर्डात कंटाळून जायची, खिडकीतून बर्फ बघायची, नर्सना घरचे किस्से सांगून हसवायची. पोटाच्या ऑपरेशनच्या दिवशी बेहोशीचे डॉक्टर सहा तास जागचे हलले नाहीत. रक्तदाब दोनदा उसळला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो खाली आणला. ती डोळे उघडून पाणी मागायला लागली हे कळलं तेव्हा रोशनलालने माझी तीच ती भिंगं उगाचच तीनदा पुसली.

दीड महिन्याने गळ्याचं ऑपरेशन झालं. पठानियांनी सगळी ग्रंथी काढली, आजूबाजूच्या गाठीही काढल्या. आवाजाची नस वाचवण्यासाठी त्यांनी जितका वेळ दिला तितका मी त्यांना कधी कशाला देताना ऐकला नव्हता. मथराचा आवाज जसाच्या तसा राहिला. आता तिला रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आणि दर काही महिन्यांनी रक्ताची तपासणी. ते रक्तातलं द्रव्य जवळजवळ शून्यावर आलं आहे.

इथे माझी गोष्ट संपली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

पण कटोच मॅडमच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. मथरा एकदा बोलता बोलता म्हणाली होती, आईचंही गिल्हड याच इस्पितळात काढलं होतं, मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. मॅडम तळघरात गेल्या. तिथे आमच्या जुन्या काचांची खोकी असतात. धुळीत बसून त्यांनी दोन दुपारी शोधलं आणि सत्तावीस वर्षांपूर्वीची एक काच वर आणली. अहवालावर लिहिलं होतं, गिल्हड. खाली दोन सह्या होत्या, पहिल्या मोठ्या डॉक्टरांची आणि त्यांची स्वतःची.

रोशनलालने तेव्हा मेणात जपून ठेवलेल्या त्याच मांसाच्या तुकड्यातून नवी काच बनवली आणि लाल रंगवली. मॅडमनी ती माझ्यावर ठेवली. चकती फिरवली. हिरवं.

मित्रांनो, सत्तावीस वर्षांपूर्वी त्या दिवशीही ती काच माझ्यावरच ठेवलेली होती. चकत्याही माझ्याच अंगात होत्या. दोघांनी बघितलं, दोघांनी चिठ्ठ्या लिहिल्या, दोन्ही जुळल्या आणि दोन्ही चुकल्या. कारण चकती कुणी फिरवलीच नाही, आणि ती फिरवावी असं वाटायला जे विचारायला हवं होतं ते कुणी विचारलं नाही. मी फक्त दाखवतो. विचारायला माणूसच लागतो. हे तेव्हा ओळखलं असतं तर ती आई आणखी जगली असती. ती तीन वर्षांनी जुलाबांनी खंगून गेली, आणि सगळ्यांना वाटलं पोटाचं दुखणं. पण जुलाबही त्या गळ्यातल्या रोगाचेच असतात. आणि तिच्या मुलाला, म्हणजे मथराच्या भावाला, ध्यानूला, बेहोशीची सुई देण्याआधी कुणीतरी नक्कीच थांबवलं असतं.

पेमांनी मॅडमना हळूच विचारलं, हे तिला सांगायलाच हवं का. कुणीच विचारलेलं नाही, कुणाला कळणारही नाही. मॅडम म्हणाल्या, मला कळलं आहे ना.

मथरा तपासणीला आली तेव्हा मॅडमनी तिला आमच्या खोलीत बोलावलं आणि पेमांच्या खुर्चीवर बसवलं. समोरच्या खुर्चीवर स्वतः बसल्या. मध्ये मी. आधी तिला तिच्या आईची काच दाखवली. मग सगळं सांगितलं, एकही शब्द गोड न करता. म्हणाल्या, मी तेव्हा बघितलं होतं, मला दिसलं नाही, ही सही माझी.

मथराने भिंगावरून डोळे हटवले नाहीत. ती ते हिरवं बघत राहिली. माझ्या भिंगावर तिच्या डोळ्यांतलं पाणी पडलं, आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला त्या डागाचा राग आला नाही.

"मॅडमजी," ती शेवटी म्हणाली, "मला राग आलाय. तो जाईल असं वाटत नाही."

"जाऊ देऊ नकोस," मॅडम म्हणाल्या. 

मथराने ओढणीने तोंड पुसलं आणि ती उभी राहिली. "ध्यानूची पोरगी खाली जीपमध्ये बसलीय. सोळा वर्षांची आहे. तिच्या गळ्याला वाटाण्याएवढं काहीतरी लागतंय. मावशी आहे, मावशीची मुलं आहेत, सगळ्यांना भरून आणलंय. तिला आधी घ्या. आणि काच तुम्ही आणि पेमा मॅडम, दोघींनी बघायची. तुम्ही असायलाच हव्यात. आता तुम्ही चुकणार नाही."

ती खाली गेली. मॅडमनी डोळे टिपले, माझी दोन्ही भिंगं स्वतःच्या हाताने पुसली आणि रोशनलालला काचा काढायला सांगितल्या.

त्या दिवशी चौदा जणांचं रक्त घेतलं. पाच जणांत तो वारसा निघाला. ध्यानूच्या मुलीची गाठ फार लहान होती, पसरायच्या आतच सापडली आणि काढली. ती आता कॉलेजात जाते. घराण्याची ओळख काय म्हणून विचारलं तर गळ्यावरची ऑपरेशनची खूण दाखवते.

मी आता कपाटात नाही. खुर्च्या दोन आहेत, चिठ्ठ्याही आहेत, आणि चिठ्ठी लिहिण्याआधी रुग्णाला खिडकीवर बोलावून त्याच्या माहेरच्या, आजोळच्या, गेलेल्या माणसांची विचारपूस करायची, ही शिस्त मॅडमनी निवृत्त होण्याआधी वर जोडून दिली. मित्रांनो, तुमच्या घरातही काही गोष्टी सगळे हसत हसत सांगत असतील, की आमच्याकडे हे सगळ्यांनाच असतं. एकदा न हसता कुणाला तरी ती गोष्ट सांगा. ऐकणाऱ्याने तपासणीसाठी काच मागितली तर द्या, आणि माझ्यासारखा एखादा जुना सूक्ष्मदर्शक कुठे धूळ खात पडला असेल तर त्याची भिंगं पुसून ठेवा. दाखवायचं काम आम्ही करू. ध्यानूच्या वेळी विचारायचंच राहून गेलं.